चौथा दरवाजा

माझ्या धाकट्या भावानं, बर्नार्डनं, त्या सकाळी मला 'दादा' म्हटलं आणि तिथंच माझं बिनसलं. आयुष्यभर तो मला 'नाकेदार' म्हणत आला होता. वसईच्या जकात नाक्यावर मी कारकून म्हणून लागलो तेव्हा तो सेमिनरीत शिकत होता. सुट्टीत सांडोरला घरी आला की अंगणातूनच ओरडायचा, "नाकेदार, पिशवी तपासून घे, आत दोन पुस्तकं आन एक उपाशी मानूस हाय!" पुढं तो फादर झाला, वरच्या अभ्यासाला रोमला आला, तरी नाकेदार काही सुटलं नाही. परवा नेपल्सच्या धक्क्यावर आम्ही बोटीतून उतरलो, तेव्हा त्या सगळ्या परक्या गोंगाटात "ओ नाकेदार!" अशी हाक आली आणि मला चक्क रडू आलं. आणि आज हाच बर्नार्ड यात्रेकरूंच्या वसतिगृहाच्या दारात उभा, दाढी अर्धवट झालेली, बघणं माझ्या खांद्यापलीकडं कुठंतरी, आणि म्हणतो काय, "दादा, छत्री द्या, मी धरतो." द्या म्हणाला! ज्याचं शेंबडं नाक मी पुसलं, तो मला द्या म्हणाला. मी छत्री दिली नाही. नाक्यावर इतकी वर्षं बसल्यावर माणूस एवढं तरी शिकतो. जी बाई येता येताच "भाऊ, पोरं बरी हायत ना?" म्हणून विचारते, तिच्या करंडीत विड्याच्या पानांखाली काहीतरी असतंच.

करंडी उघडायला फार वेळ लागला नाही. म्हणजे झाकण तेवढं उघडलं, आतलं काही दिसलं नाही. सकाळी मी तोंड धुवायच्या रांगेत होतो आणि परत खोलीत आलो तर बर्नार्ड आणि माझी बायको इझाबेल खिडकीपाशी बोलत होती, ती एकदम गप्प झाली. इझाबेल गप्प होणारी बाई नव्हे. बोटीवर सगळ्यांना समुद्र लागला, हिला नाही. ही आडवी पडूनसुद्धा बोलत होती. आता तिनं पाठ वळवली आणि क्लेमेंटीनची वेणी घालायला घेतली. क्लेमेंटीन आमची एकुलती एक, सोळा सरलेली. कालच तिच्या वेणीत इझाबेलनं लाल रिबीन बांधली होती, रोममध्ये पोर उठून दिसावी म्हणून. ती रिबीन सोडून तिनं खाटेवर टाकली आणि त्याजागी पांढरी बांधली. पोर मान खाली घालून बसली होती. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी लाल रिबीन उचलली आणि खिशात टाकली. का, ते मला सांगता येणार नाही. जप्त केलेला माल आधी ताब्यात घ्यायचा, कारण मागाहून शोधायचं, ही सवयच.

त्यात ती सुकेळी. आमच्या बयनं बर्नार्डसाठी राजेळी केळ्यांची सुकेळी पाठवली होती. बय म्हणजे आमची आई. केळी सोलून, उन्हात वाळवून, वाळक्या पानात घट्ट बांधून तिनं दिलेली ती गाठोडी मी समुद्रभर उशाशी घेऊन झोपलो होतो. पहिल्या रात्री बर्नार्डनं त्यातली एक गाठोडी उभ्या उभ्या फस्त केली होती आणि पानसुद्धा चाटलं होतं. आज क्लेमेंटीननं उरलेल्या गाठोडीकडं हात केला तर इझाबेल म्हणाली, "ऱ्हाऊ दे ती. आता पुन्ना कुठं मिळायची?" आणि बर्नार्डनं ती गाठोडी रुमालात बांधून अशी आतल्या खिशात ठेवली, की जणू आत मिस्सातली पवित्र भाकर, साक्रामेंत आहे. पुन्हा का मिळायची नाही? बय वर्षाला करते. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सांडोरच्या ओसरीवर बसून खाणार नव्हतो का? का आमच्यापैकी कुणीतरी नसणार होतं?

इथं माझं मन उर्सुलापाशी गेलं. उर्सुला ही इझाबेलची थोरली बहीण. आमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. इझाबेलच्या बापानं एकदा सगळ्या घराला मोत माउलीच्या जत्रेला बांद्र्याला नेलं. पोरींना नवे झगे, खेळणी, भेळ, समुद्र. दुपारी सगळे एका कॉन्व्हेंटमध्ये पाणी प्यायला म्हणून गेले आणि संध्याकाळी परत निघाले तेव्हा घरात एक माणूस कमी होतं. उर्सुला मागंच राहिली, सिस्टर व्हायला. तिला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर रडली असती, जत्रेची मजा गेली असती, असं सासरा मला पुढं हसत हसत म्हणाला होता. आज उर्सुला मदर आहे, सुखात आहे असं सगळे म्हणतात. पण मी ती गोष्ट विसरलो नाही. ज्या घरात एक पोर फिरायला नेऊन ठेवून येतात, त्या घराला ती वाट माहीत असते. आणि स्वतः रोमला निघायच्या आदल्या वर्षी हाच बर्नार्ड आमच्या ओसरीवर म्हणाला होता, "क्लेमेंटीनचा आवाज सिस्टरांच्या कॉयरमध्ये शोभंल." तेव्हा मी हसलो होतो.

तेव्हा त्या दिवशी रोम शहर बघायला आम्ही चौघं निघालो, पण मी एकटाच पोरगी राखायला निघालो होतो. पहिलं सेंट पीटर. ते ज्युबिलीचं वर्ष होतं, एकोणीसशे पन्नास. रोमच्या चार मोठ्या बॅसिलिकांना, म्हणजे मुख्य देवळांना, एकेक पवित्र दरवाजा आहे, एरवी विटांनी चिणून बंद केलेला, ज्युबिलीच्या वर्षातच उघडतात. चारही दारांतून आत जाऊन ठरलेल्या प्रार्थना म्हटल्या, पापनिवेदन केलं, साक्रामेंत घेतला की पापांची सगळी शिक्षा माफ होते. सांडोरला रविवारी मी पोरांना धर्मशिक्षण देतो, त्यामुळं या गोष्टीचे नियम मला पाठ. ही माफी एक तर स्वतःसाठी मागावी, नाही तर शुद्धिस्थानातल्या मेलेल्या माणसासाठी. दुसऱ्या जित्या माणसासाठी ती मागता येत नाही. जित्या माणसाला पाय आहेत, त्यानं आपलं आपण चालावं. निघायच्या दिवशी बयला चिडवायचं म्हणून मी विचारलं होतं, "बय, तू येत नाय तर तुझ्यासाठी मागू का माफी?" ती रहाटाजवळ केळीचे घड उतरवून घेत होती. तशीच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्यासाठी कशाला? मी जिती हाय अजून. तू तुझं माग. दिवसभर लोकांच्या करंड्या उचकतोस, तुलाच गरज हाय." शेजारची कार्मिन खो खो हसली. बयला तिच्यावर सोपवून आलो होतो; खोकला होता थोडा, पण बय खोकल्याला कधी मोजत नसे.

म्हणून मी माझ्यासाठीच मागत होतो. आमच्या गेलेल्या बापासाठी बर्नार्ड केव्हाच चारही दारं चालून आला होता. पण मागणं कसलं? सेंट पीटरच्या त्या दारातून जाताना लोक चौकटीला ओठ लावत होते, म्हाताऱ्या गुडघ्यांवर सरकत होत्या, आणि मी क्लेमेंटीनच्या पांढऱ्या रिबिनीवर डोळा ठेवून 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणत होतो. डोक्यावर तो घुमट, तेवढ्या उंचीवर आमचं सांडोरचं देऊळ माळ्यासारखं ठेवता आलं असतं. बर्नार्ड हळू आवाजात सगळं समजावून देत होता, कुठला पुतळा कुणाचा. इतकं नीट, इतकं अदबीनं, की मला त्याची चीड आली. मध्येच मी 'नमो मरिया' किती झाल्या ते चुकलो आणि पुन्हा आरंभापासून धरलं. इझाबेल माझ्याकडं वळून वळून बघत होती. तिच्या बघण्यात काय होतं? नवऱ्याला फसवणारी बाई अशी बघत नाही, एवढं मला कळत होतं. दुखणाईत माणसाकडं बघावं तसं ती बघत होती. त्यानं मी आणखीच सावध झालो.

सेंट पॉल शहराबाहेर. बसमध्ये सगळे जगभरचे यात्रेकरू, घामाचा आणि संत्र्याच्या सालींचा वास. एका माणसानं उठून मला जागा दिली, मी खिसा चाचपून मगच बसलो. खिडकीतून नदी दिसली, गढूळ, खाडीहून अरुंद. एवढ्याशा नदीचं एवढं नाव. दुसरा दरवाजा, दुसऱ्या प्रार्थना. तिथं खांबांच्या रांगेत क्लेमेंटीन मला जरा दिसेनाशी झाली. धावत शोधलं तर ती एका कोपऱ्यात गुडघे टेकून होती, तळव्यांत तोंड. सोळा वर्षांची पोर, परदेशातली सहल, आणि रडते. मी तिला हात धरून उठवली. इझाबेल मागून आली, म्हणाली, "असू दे ना, अवो. प्रार्थना करते हाय पोर." मी म्हटलं, "प्रार्थनेत रडायचं काय कारण?" तर ती बर्नार्डकडं बघत राहिली आणि बर्नार्ड छताकडं.

मग कोलोसियम. ज्या जागेची चित्रं मी शाळेच्या पुस्तकात पाहिली होती ती अशी समोर, तुटकी, भोकांची, मध्ये गवत. मला आमच्या वसईच्या किल्ल्याची आठवण झाली. तिथंही देवळं अशीच छप्पर गेलेली, कमानींवर पिंपळ, आत बकऱ्या. लहानपणी मी आणि बर्नार्ड तिथं करवंदं, चिंचा गोळा करायचो. बय आम्हांला कोसळत्या भिंतीखाली जाऊ नका म्हणायची, आणि आम्ही मुद्दाम तिथंच जायचो. पण तिथं तिकीट नाही, पोस्टकार्डं विकणारे नाहीत. "ह्या दगडांत ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढं टाकायचे," बर्नार्ड सांगत होता. एरवी त्यानं पुढं जोडलं असतं, 'नाकेदार, तुला बघून सिंहानं पावती मागितली असती.' काही जोडलं नाही. मी बघितलं, ती दोघं जरा पुढं गेली आहेत, आणि क्लेमेंटीनला एका दगडावर बसवलं. सरळ विचारलं, "तुला हितं ऱ्हायचंय का?" ती म्हणाली, "हितं? नाय पापा. मला घरी जायचंय. आत्ता जायचंय," आणि तोंडात पदरासारखी बाही कोंबून हुंदके द्यायला लागली. म्हणजे पोरीला नको आहे आणि तरी ठरलेलं आहे. माझं रक्त तापलं. मी म्हटलं, "भिऊ नको. मी हाय." तिनं माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडेना, आणि उलट तीच माझी पाठ थोपटायला लागली. मला ते चमत्कारिक वाटलं. पण त्या घटकेला बापाचा जीव मोठा झाला होता, मी खोलात गेलो नाही.

लॅटरनच्या बॅसिलिकेजवळ बर्नार्डच्या ओळखीच्या सिस्टरांचं घर होतं. तिसरा दरवाजा करून आम्ही तिथं जेवायला जाणार होतो. जेवायला! बांद्र्याला पाणी प्यायला गेले होते, इथं जेवायला. दार उघडणारी सिस्टर म्हातारी, गुलाबी गालांची. तिनं क्लेमेंटीनला बघितलं मात्र, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळाचा मुका घेतला आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलत डोळे पुसले. मग ती माझ्याकडं वळली. माझा हात धरला, छातीशी नेला आणि बोलायला लागली. बर्नार्ड चटकन मध्ये शिरला, इटालियनमध्ये काहीतरी म्हणाला, तशी ती ओठांवर बोट ठेवून मागं सरली. पुरे झालं होतं. ताटात शेवयांचा डोंगर होता, मी हात लावला नाही. इझाबेलनंही मांस बाजूला सारलं आणि नुसता पाव कुरतडत बसली. शेवटी मी खुर्ची मागं सारून उठलो आणि बर्नार्डला बाहेर बागेत घेतलं. तिथं डाळिंबाचं एक झाड होतं आणि एक दोरी, तिच्यावर सिस्टरांची पांढरी वस्त्रं वाळत होती.

"पोर माझी हाय," मी म्हटलं. "मी तिला परत नेनार. तू फादर असशील, पन उर्सुलाचं केलं तसं हितं चालायचं नाय."

बर्नार्डच्या चेहऱ्यावर जे आलं त्याचा अर्थ मला लागेना. तो चिडला नाही, घाबरला नाही. तो सुटल्यासारखा दिसला. ओझ्याची टोपली कुणीतरी क्षणभर उचलून धरल्यावर दिसतो तसा. "क्लेमेंटीनला? हितं ठेवायला?" तो म्हणाला. "हे तुझ्या डोक्यात सकाळपासून हाय? नाय रे दादा. तसं काय बी नाय. बयची शप..." आणि तो थांबला. जीभ चावल्यासारखा थांबला, आणि वाळत घातलेल्या वस्त्रांकडं बघायला लागला. मी मनात म्हटलं, पकडला. आईची खोटी शपथ घ्यायला फादरचीसुद्धा जीभ वळत नाही. "चल," तो म्हणाला, आवाज बसलेला. "एक दरवाजा ऱ्हायलाय. तेवढा होऊ दे. मग काय विचारायचं ते विचार." मी विचारलं, "आत्ता का नाय?" तर म्हणाला, "तुझे चार पुरे होऊ देत." मला वाटलं, बघा, माझी माफी पुरी करून देतायत. पोर घेण्याआधी बापाला मिठाई.

सांता मारिया माज्जोरे टेकडीवर आहे. चढताना मी क्लेमेंटीनचा हात सोडला नाही. दुपार कलली होती, ट्रामच्या तारा चकाकत होत्या, पायरीवर एक बाई भाजलेले चेस्टनट विकत होती आणि त्या धुराला आमच्याकडं भाजतात त्या फणसाच्या आठळ्यांचा वास होता. त्या वासानं मला एकदम घर आठवलं: बय चुलीपुढं बसून राखेतून आठळ्या काढून आमच्या दोघांकडं फेकते, गरम, आम्ही झेलतो, हात पोळतात, ती हसते. चौथ्या दारातून सगळे आत गेलो. आत सोन्याचं छत, आणि खूप लांब, अंधुक, मरियेचं चित्र. गर्दीत इझाबेलनं क्लेमेंटीनला माझ्यापासून सोडवली, "बायकांच्या बाजूला बसतो आमी," म्हणून. मी बरं म्हटलं, आणि प्रार्थनेला न बसता खांबाआडून त्यांच्या मागं मागं गेलो. चोरासारखा. नाक्यावर चोर पकडायला चोरासारखंच उभं राहावं लागतं. त्या गुडघे टेकून होत्या. मी त्यांच्या पाठीशी, हाताच्या अंतरावर, खांबाला टेकून. क्लेमेंटीननं प्रार्थना संपवली, क्रूसाची खूण केली आणि आईच्या कानाशी लागून म्हणाली, "आई, हे चारी मी आजीसाठी मागितलं. चालंल ना?"

माझं तोंड उघडलंच. तिची चूक सुधारायला. अगं वेडे, जित्या माणसासाठी मागता येत नाही, किती वेळा शिकवलं, असं ओठांपर्यंत आलं. आणि तिथंच राहिलं. कारण क्लेमेंटीन ही चूक करणारी पोर नव्हती. धर्मशिक्षणाचं बक्षीस तिला दर वर्षी मिळायचं, आणि हाच प्रश्न मी तिला बोटीवर दोनदा विचारला होता, दोन्ही वेळा ती बरोबर बोलली होती. इझाबेलनं तिची चूक सुधारली नाही. इझाबेल म्हणाली, "चालंल. आता सुटली ती," आणि पोरीला जवळ ओढून घेतलं.

मी खांबाला टेकून राहिलो. घाम आला म्हणून खिशात रुमाल शोधायला हात घातला तर हाती लाल रिबीन आली. सांडोरात घरात कुणी गेलं की पहिलं काय करतात, बायकापोरींच्या अंगावरचं तांबडं उतरवतात. मला हे माहीत नव्हतं का? चिमूट चिमूट सगळं माहीत होतं. सुकेळी पुन्हा मिळायची नव्हती. म्हातारी सिस्टर माझा हात धरून काय बोलत होती, ते कुठल्याही भाषेत एकच असतं. बर्नार्डला बयची शपथ घेता येईना. सांडोरहून रात्रीतून त्याच्याकडं तार आली असणार. दिवसभर मी बायकोची, भावाची, पोरीची झडती घेत फिरलो, आणि त्या तिघांनी मिळून माझ्यापासून एवढी एकच गोष्ट पानांखाली दडवली होती. संतापही आला. माझी आई, आणि मला शेवटी? पण मग तिचाच आवाज ऐकू आला, कमरेवर हात ठेवून, तू तुझं माग, तुलाच गरज हाय. माझे चार पुरे झाल्यावर ते मला सांगणार होते. आईचं शेवटचं सांगणं त्यांनी माझ्याकडून करवून घ्यायचं ठरवलं होतं, आणि मी तीन दारं नुसता डोळे वटारून चाललो होतो. ते तीन माझे होते की कुणाचे, कोण जाणे. मी गुडघे टेकले. त्या थंड फरशीवर त्या दिवसातली पहिली प्रार्थना म्हटली, एकेक शब्द, न चुकता. रडलो नाही. रडायला मला घर हवं होतं, रहाट हवा होता, कार्मिन हवी होती.

बाहेर पायऱ्यांवर ती तिघं माझी वाट बघत होती. बर्नार्डनं टोपी काढून हातात धरली होती. मला सांगायची तयारी करून ती उभी होती हे लांबूनच दिसत होतं. तिघांचे चेहरे सारखे झाले होते. इझाबेल म्हणाली, "झाल्या प्रार्थना? चला, तुमचे चारी पुरे झाले एकदाचे."

"नाय," मी म्हटलं. "चौथा मी बयसाठी मागितला."

बर्नार्डच्या हातातली टोपी खाली पडली आणि दोन पायऱ्या घरंगळत गेली. कुणी उचलली नाही. पहिली सावरली ती क्लेमेंटीन. तिला वाटलं असावं की पापा चुकून बोलले, की अजून वेळ आहे, अजून थोडा वेळ मला वाचवता येईल. ती माझ्यासमोर आली, रविवारच्या वर्गात उभी राहायची तशी ताठ उभी राहिली. आवाज तिनं धरून ठेवला.

"पापा, आजीसाठी कसं मागितलं? जित्या मानसासाठी नाय मागता येत. तुमीच तर शिकवलंय."

"ठाऊक हाय, बाय," मी म्हटलं.